शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती

शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती : प्रत्यक्षातील शिडाच्या जहाजाची मोजमापे ठराविक प्रमाणात लहान करून, लाकडी बांधणी, डोलकाठ्या व दोरांची व्यवस्था यांसह तयार केलेली त्याची प्रतिरूपे. खेळण्यातील नाव दिसायला जहाजासारखी असली की पुरते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भागाचे मूळ भागाशी एकच प्रमाण राखावे लागते. विसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेत हा एक प्रतिष्ठित छंद बनला.

प्राचीन ईजिप्तमध्ये मृताच्या परलोकातील प्रवासासाठी थडग्यात छोट्या नौका ठेवीत. १९२२ मध्ये सापडलेल्या तूतांखामेनच्या थडग्यात अशा ३५ नौका होत्या. यूरोपात खलाशी नवस म्हणून चर्चमध्ये प्रतिकृती टांगीत. काटेकोर प्रमाणातील प्रतिकृतींची परंपरा मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्‍लंडमध्ये रुजली. तेथील नौदल मंडळाशी निगडित या प्रतिकृती बहुधा १:४८ या प्रमाणात, म्हणजे एका फुटास पाव इंच अशा, करीत. त्यांच्या खालच्या भागावर फळ्या जडवीत नसत. त्यामुळे आतील फासळ्यांची रचना उघडी दिसे. मूळ जहाजे बुडाली, जळाली किंवा मोडीत निघाली. अनेकांचे रूप व कोरीवकाम आज या प्रतिकृतींवरूनच कळते. ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात व अ‍ॅनापोलिस येथील अमेरिकन नौदल प्रबोधिनीत त्यांचे मोठे संग्रह आहेत. नेपोलियनकालीन युद्धांत इंग्‍लंडमध्ये बंदिवान असलेल्या फ्रेंच खलाशांनी जेवणातील मांसाच्या हाडांपासून केलेल्या प्रतिकृती कारागिरीच्या दृष्टीने थक्क करणाऱ्या आहेत. परंतु त्या पुष्कळदा आठवणीवरून केलेल्या असल्याने प्रमाणाबाबत विश्वसनीय नाहीत.

जहाजाचे बूड व बाजू मिळून होणारे कवच ठोकळ्यातून कोरून काढता येते. बाजारी संचांत आडछेदाच्या आकाराचे पडदे तळकण्यावर बसवून त्यांवर पातळ पट्ट्या जडवितात. अनुभवी कारागीर मूळ जहाजाप्रमाणे एकेक फासळी जुळवून सांगाडा उभारतो. पट्ट्या जडविताना नवशिक्याची हमखास फसगत होते. मध्यभागी जहाजाचा घेर मोठा, तर नाळेकडे लहान असतो. मध्यभागी २० सेंमी. व नाळेशी १२ सेंमी. इतकी उंची ४० पट्ट्यांनी झाकायची असल्यास ५ मिमी. रुंदीची प्रत्येक पट्टी नाळेकडे ३ मिमी. पर्यंत निमुळती करावी लागते. तसे न केल्यास पट्ट्या एकमेकींवर चढतात. त्या वाकविण्यासाठी ओलावा व उष्णता यांचा उपयोग करतात.

लाकडाच्या निवडीत मूळ जहाजाचे लाकूड उपयोगी पडेलच असे नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया नौशिल्पींनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका (१८१७) इंग्‍लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. पण तिची प्रतिकृती सागाची केल्यास त्याचे भरड रेषे व छिद्रे डोळ्यांत भरतात. लाकडाचा पोत प्रमाणात लहान करता येत नाही. म्हणून बॉक्सवुड, नासपती यांसारखी बारीक पोताची लाकडे पसंत करतात.

दोरांची व्यवस्था ही प्रतिकृतीची खरी कसोटी होय. जहाजावरील दोर शोभेसाठी नसतात. त्यांचे स्थिर व चल असे दोन वर्ग पडतात. स्थिर दोर डोलकाठ्यांना बाजूंनी व पुढून-मागून ताणून धरतात. त्यांना डांबर लावीत, म्हणून ते काळपट दाखवितात. चल दोर कप्प्यांतून जाऊन शिडे व परबाणे (शिडे धरणारे आडवे वासे) हलवितात. त्यांचा रंग फिकट भुरा असतो. पोर्टस्मथ येथे जतन केलेल्या ‘व्हिक्टरी’ (जलावतरण १७६५) या युद्धनौकेवरील दोरांची एकूण लांबी सु. ४२ किमी. भरते. साहजिकच प्रतिकृतीत हे काम कवचापेक्षा अधिक वेळ घेऊ शकते. आधी स्थिर व मग चल, आधी आतले व मग बाहेरचे, हा क्रम चुकल्यास पुढे हात पोहोचत नाही. बाजूचे दोर डाव्या-उजव्या अंगांना आलटूनपालटून बांधतात. एका अंगाचे सर्व प्रथम ताणल्यास डोलकाठी कलते.

दोरांच्या जाडीसाठी डेव्हिड स्टील याच्या १७९४ च्या ग्रंथातील कोष्टके उपयोगी पडतात. मात्र इंग्रजी नौकानयनात दोर व्यासाने नव्हे, तर परिघाने मोजीत. सहा इंची दोराचा व्यास सु. ४८ मिमी. असतो व १:४८ प्रमाणात तो १ मिमी. होतो. सहा इंच हाच व्यास समजल्यास प्रतिकृतीवर ३ मिमी.हून जाड दोर येतो. असे दोरखंडांनी जखडलेले जहाज जाणकाराच्या नजरेस लगेच खटकते. दुसरी चूक परबाणांची. कापडाची वीण प्रमाणात बसत नसल्याने पुष्कळजण शिडे लावीत नाहीत. पण बांधून ठेवलेल्या शिडांच्या जहाजावर वरची परबाणे खाली उतरवीत, ती येथे मात्र उंच चढविलेलीच ठेवली जातात.

ज्या नौकांचे आराखडेच कधी काढले गेले नाहीत, त्यांच्या बाबतीत प्रतिकृतीचे मोल अधिक आहे. फ्रेंच नौदल अधिकारी एद्‌माँ पारी (१८०६–९३) याने भारतीय किनाऱ्यासह यूरोपबाहेरील अनेक देशांच्या नौकांची मोजमापे घेतली आणि पुढे पॅरिसच्या नौसंग्रहालयाचा प्रमुख असताना अशा नौकांच्या प्रतिकृती करविल्या. कोकणातील मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या पारंपरिक कारागिरांनी कागदी नकाशाविना, अनुभवाने बांधल्या. त्यांपैकी शिडाच्या मालवाहू नौका यंत्रचलित नौकांपुढे मागे पडल्या. अशा नौकेची मोजून केलेली प्रतिकृती छंदाची वस्तू राहत नाही. ती नोंद ठरते.

प्रतिकृती काचपेटीत ठेवतात, परंतु पेटी ओकसारख्या लाकडाची असल्यास त्यातून निघणाऱ्या आम्‍लयुक्त बाष्पाने शिशाच्या तोफा व नांगर यांवर पांढरी भुकटी धरून ते कालांतराने विरून जातात. म्हणून शिशाऐवजी पितळ वापरणे व पेटीत हवा खेळती ठेवणे इष्ट. दमट हवेत सुती दोर आखडतात, कोरड्या हवेत सैल पडतात. त्यामुळे ते फार ताणून बांधू नयेत; नाजूक परबाणे अशा ताणानेच वाकतात.