लेखांक ८ : जिना, चढण आणि कॅप्सूल

गेल्या आठवड्यात बॅटरीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. मध्येच कोल्हापूरच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बॅटरीपेक्षा चटकदार निघाला. त्यांच्या वडिलांना पूर्ण हार्ट ब्लॉकसाठी एका वायरचा पेसमेकर बसवून बरीच वर्षं झाली. घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना धाप लागते, पण बोटाला ऑक्सिमीटर लावला की ठोके चढताना कमी आणि उतरताना जास्त दिसतात. मशीन बिघडलं का?

बहुतेक नाही. मशीनला जेवढं कळतं त्यानुसार ते चोख चालतं आहे.

पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये अनेकदा साइनस नोड, म्हणजे ठोक्यांचा मूळ स्रोत, शाबूत असतो. श्रम पडले की वरची कर्णिका वेग घेते, पण निरोप खाली जवनिकेपर्यंत पोचत नाही. एका वायरच्या पेसमेकरला वरचं काही दिसत नाही, म्हणून माणूस कष्ट करतो आहे की नाही हे त्याला दुसऱ्या कशावरून तरी ताडावं लागतं. १९८०च्या दशकात यावर पिझोइलेक्ट्रिक स्फटिकाचा तोडगा निघाला. पेसमेकरच्या डबीच्या आतल्या अंगाला स्फटिक चिकटवायचा. शरीर हादरलं की स्फटिक दाबला जाऊन वीज देतो आणि ठोके वाढतात. मग व्हायचं असं, की खडबडीत रस्त्यावरून गाडीतून गेलं तरी ठोके वाढायचे, डबीवर बोटाने टकटक केली तरी वाढायचे. जिना उतरताना पाऊल धपकन पडतं, चढताना जपून. त्यामुळे उतरणाऱ्याचं हृदय पळायचं आणि चढणारा धापा टाकत राहायचा. पुढे आलेला अ‍ॅक्सेलरोमीटर कितीतरी शहाणा, पण तोही हालचाल मोजतो, श्रम नव्हे. एका जागी बसवलेल्या सायकलवर घाम गाळणाऱ्याचं धड स्थिर असतं, तिथेही तो फसू शकतो.

बिनवायरच्या, कॅप्सूलएवढ्या पेसमेकरमध्ये हा पेच आणखी गमतीदार होतो. मायक्रा ही जेमतेम २६ मिलिमीटर लांबीची, दोन ग्रॅमच्या आतली कॅप्सूल जवनिकेतच बसते, म्हणजे तिचा अ‍ॅक्सेलरोमीटर दर ठोक्याला स्वतःच हिंदकळतो. शरीराची हालचाल कुठली आणि हृदयाची कुठली, हे वेगळं काढायचं कसं? त्यासाठी हालचाल तीन दिशांनी मोजतात. रुग्णाला दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आधी रमतगमत, मग झपझप चालवतात आणि ज्या दिशेला चालणं सगळ्यात स्वच्छ उमटतं ती प्रोग्रामर यंत्रावर निवडून ठेवतात. कोट्यवधी रुपयांच्या संशोधनातून आलेल्या यंत्राचं हे सेटिंग कॉरिडॉरमधल्या फेऱ्यांवर ठरतं, यात लाजण्यासारखं काही नाही. तीच खरी परीक्षा.

मायक्राच्या पुढच्या आवृत्तीने, मायक्रा एव्हीने, याच हिंदकळण्याचा उपयोग करून घेतला. अमेरिकेत तिला २०२०च्या जानेवारीत मान्यता मिळाली. दर ठोक्याला अ‍ॅक्सेलरोमीटरवर चार खुणा उमटतात. पहिली जवनिका आवळताना, दुसरी महाधमनी आणि फुप्फुस धमनीच्या झडपा मिटताना, तिसरी रक्त आपसूक जवनिकेत उतरताना आणि चौथी कर्णिकेच्या धक्क्याची. ही चौथी, ए-४, पकडली की कर्णिका आकुंचन पावल्याचं कॅप्सूलला कळतं आणि ती लगेच जवनिकेला ठोका देते.

मार्व्हल-२ या अभ्यासात सामान्य साइनस लय आणि पूर्ण हार्ट ब्लॉक असलेल्या ४० रुग्णांमध्ये कर्णिका आणि जवनिकेचा विश्रांतीच्या वेळचा सरासरी ताळमेळ २६.८ टक्क्यांवरून ८९.२ टक्क्यांवर गेला. जाहिरातीत हाच आकडा शोभतो. पण विश्रांतीच्या वेळचा, हे शब्द विसरू नयेत. पुढच्या अ‍ॅक्सेलएव्ही अभ्यासात याच प्रकारच्या रुग्णांचा ताळमेळ विश्रांतीत ८५.४ टक्के होता. रोजच्या हिंडण्याफिरण्यात तो ७४.८ टक्के भरला.

घसरण का होते ते साध्या हिशेबात दिसतं. ठोके ६० असताना प्रत्येकाच्या वाट्याला १ सेकंद येतो, १२० झाले की अर्धा. कात्री लागते ती मुख्यतः जवनिका भरण्याच्या काळाला. तिसरी आणि चौथी खूण एकमेकींवर सरकतात, शेवटी मिसळून जातात. वर चालण्याचे हादरे असतातच. शिवाय मायक्रा एव्ही कर्णिकेच्या मागे मिनिटाला ११५ ठोक्यांपर्यंतच धावू शकते. नव्या एव्ही-२मध्ये ही मर्यादा १३५ केली आहे. ताळमेळ सुटला आणि हालचाल मात्र भरपूर आहे असं दिसलं, तर यंत्र कर्णिकेचा नाद सोडून हालचालीच्या अंदाजाने ठोके देऊ लागतं.

हे वाईटच, असं समजायचं कारण नाही. श्रमात हृदयाचं पंपिंग वाढतं ते मुख्यतः ठोके वाढल्याने. कर्णिकेच्या धक्क्याचा वाटा विश्रांतीत आणि हलक्या कामात जास्त जाणवतो. तेव्हा व्यायामाच्या चाचणीत ताळमेळाची टक्केवारी कुरवाळत बसण्यापेक्षा ठोके वेळेवर आणि पुरेसे वाढले का, हे आधी पाहावं.

आता आपली नेहमीची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची चाचणी. सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत पहिल्याच टप्प्यात १० टक्के चढ देते आणि वेग मात्र ताशी २.७ किलोमीटर. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायला ती उत्तम असेल, पण अ‍ॅक्सेलरोमीटरच्या दृष्टीने हा रुग्ण सावकाश चालला आहे. चढ त्याला दिसतच नाही! पेसमेकर नापास झाला असं वाटतं, आणि खरं तर प्रश्नपत्रिकाच चुकलेली असते. ब्रूस विल्कॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये मांडलेली पद्धत ताशी दीड-पावणेदोन किलोमीटर आणि २ टक्के चढापासून सुरू होते आणि दर दोन मिनिटांनी बेताबेताने पुढे जाते. रोजच्या आयुष्यातले श्रम याच टापूत येतात. तोंडाला मास्क लावून ऑक्सिजनचा खपही मोजला, तर ठोके श्रमाच्या प्रमाणात वाढताहेत की नाही हे उघड होतं.

अ‍ॅबॉटच्या अ‍ॅव्हेअर या बिनवायरच्या कॅप्सूलने वेगळी वाट धरली. ती रक्ताचं तापमान मोजते. स्नायू राबले की रक्त तापतं, मग ते चढावर असो की सायकलवर. मात्र व्यायाम सुरू होताच हातापायांतलं थंड रक्त हृदयाकडे परततं आणि तापमान आधी किंचित खाली येतं, मग हळूहळू चढतं. १९८०च्या दशकातल्या तापमानावर चालणाऱ्या पेसमेकरांच्या अभियंत्यांनी ही घसरणच व्यायाम सुरू झाल्याची खूण धरली होती. या सेन्सरला जिन्यावर तपासायचं म्हटलं, तर दोन मजल्यांत चाचणी संपते आणि रक्त अजून तापायचंच असतं. त्याला लांब, एकसारखं चालणं हवं.

दोन कॅप्सूलची अ‍ॅव्हेअर डीआर २०२३मध्ये आली. एक कर्णिकेत, एक जवनिकेत. दोघी रक्तातून आणि स्नायूतून क्षीण विजेचे संकेत देत बोलतात. इथे ए-४चा अंदाज बांधावाच लागत नाही, कर्णिकेतली कॅप्सूल विजेचा स्पंद थेट पाहते. पहिल्या मोठ्या अभ्यासातल्या ३०० रुग्णांत हार्ट ब्लॉकचे रुग्ण मात्र एक तृतीयांशच होते. बहुतेकांचा दोष साइनस नोडमध्येच होता. ब्लॉकच्या रुग्णात हे बोलणं एका ठोक्यालाही थांबून चालत नाही, आणि प्रत्येक संकेताची किंमत बॅटरीतून वळती होते. तो हिशेब पुढच्या आठवड्यात, आता नक्की.