छप्पर उघडणारे मित्र

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, आपल्यातल्या एकीला ब्लड कॅन्सर झालाय. दहा मिनिटांत पन्नास जोडलेले हात पडतात. 'गेट वेल सून', 'प्रेइंग फॉर यू'. मग सबमिशन्स, मग इंटर्नल्स. महिन्याभराने तिचं नाव फक्त हजेरीत उरतं.

ती मैत्रीण ख्रिस्ती असेल, तर 'तुझ्यासाठी प्रार्थना करतोय' हे वाक्य तिच्या घरी फार गांभीर्याने घेतलं जातं. घरच्या रोझरीत, रविवारच्या मिस्सेत आजाऱ्यांची आठवण केली जाते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना होते. तिथे मेणाचे हात-पाय, मेणाच्या बाहुल्या वाहायला येणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. त्यामुळे 'आपण ख्रिस्ती नाही, मग कसं जायचं?' असं वाटून अडून राहू नका. बिनधास्त जा, मागच्या बाकावर बसा.

मार्कच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. कफर्णहूम गावात येशू एका घरात बोलत असतो. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवरून तिथे आणतात. दारात ही गर्दी! आत शिरता येईना, म्हणून ते वर चढतात, छप्पर उघडतात आणि खाट खाली सोडतात. (घरमालक काय म्हणाला असेल, ते मार्कने लिहिलेलं नाही.) गंमत पुढे आहे. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथे म्हटलंय. म्हणजे खाट आणणाऱ्यांचा. पडलेल्या माणसाने स्वतः प्रार्थना केली का, त्याचा विश्वास किती होता, याबद्दल अक्षर नाही.

हे मुद्दाम सांगतेय, कारण आजारी माणसाला हमखास ऐकवलं जातं, 'विश्वास ठेव, सगळं ठीक होईल.' रिपोर्ट वाईट आला की त्याच वाक्याचा अर्थ होतो, तुझाच विश्वास कमी पडला. केमोनंतर ओकाऱ्या काढणाऱ्या मुलीवर हे ओझं टाकायचं? तिला प्रार्थना करायचं त्राण नसेल, तर नसू दे. तिची खाट उचलायला तुम्ही आहात ना!

ईयोबाचे मित्रही असेच. सुरुवातीला सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथवर उत्तम. मग त्यांनी तोंड उघडलं, 'तुझंच काहीतरी चुकलं असणार' हे सुरू केलं, आणि शेवटी देवच त्यांच्यावर रागावला.

आणखी एक. हॉस्पिटलात फादर तेल घेऊन आले, तर घाबरून रडायला लागू नका. पूर्वी हा संस्कार मरणाच्या दारातल्या माणसासाठीच समजत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा समज दुरुस्त केला. आज गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही तो देतात, पुन्हाही देता येतो.

बाकी छप्पर उघडायचं काम म्हणजे प्लेटलेट्स. त्या फार तर पाच दिवस टिकतात, त्यामुळे दाते सतत लागतात. वय अठरा पूर्ण, वजन पन्नास किलोच्या वर हवं, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं. एकदम दहा जण जाऊ नका, ब्लड बँकेला विचारून पाळ्या लावा. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा सर्दी-खोकला असेल तर भेटायला जाणं टाळा. फुलंही अनेक वॉर्डांत चालत नाहीत. आणि तिचं नाव, तिचे रिपोर्ट प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारा. तिला नको असेल, तर देवाला नावाशिवायही कळतं.

'काही लागलं तर सांग' असा मेसेज करू नका, ती सांगणार नाही. असा करा: 'गुरुवारी चारला येतेय, अकाउंट्सच्या नोट्स आणतेय. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी बसेन.'