सवय मुलाची, घडी घराची

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदला, असे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी त्याआधी डिसेंबरमध्ये सुचवले होते. निर्णयावर वाद झाला. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा अडचणीत आल्या, सकाळी लवकर कामावर निघणाऱ्या आईवडिलांची घडी विस्कटली. निर्णय मुलांच्या हिताचाच होता. पण त्यातून जी गोष्ट उघड झाली, तिच्यावर म्हणावे तसे बोलले गेले नाही. लहान मुलांची रात्र आपल्या घरांना आवरेनाशी झाली, म्हणून शाळेला आपली सकाळ पुढे ढकलावी लागली. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीची २०१६ची शिफारस आहे. साडेअकराला झोपून साडेसहाला उठणाऱ्या तिसरीतल्या मुलाला मिळतात सात तास. ते साडेअकराला का झोपते? त्याच्या घरात तोवर दिवे जळत असतात, टीव्ही चालू असतो, बाबांचे ऑफिसचे फोन संपलेले नसतात, ओटा आवरायचा राहिलेला असतो. सगळे घर जागे असताना एकट्या मुलाने डोळे मिटून पडावे, ही अपेक्षा मोठ्या माणसालाही पेलणार नाही.

मुलांच्या सवयींबद्दल आपण बोलतो तेव्हा नजर मुलावर असते. ते ऐकत नाही, भाजी खात नाही, मोबाइल सोडत नाही. माझे म्हणणे असे की नजर घराच्या दिनक्रमावर असायला हवी. कोणती गोष्ट किती वाजता, कशानंतर आणि कोणाबरोबर होते, यावर सवय लागणार की नाही हे ठरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास यासंदर्भात पुष्कळ सांगून जातो. त्यात ९६ जणांनी एकेक साधी सवय निवडली. कोणी दुपारच्या जेवणासोबत फळ खायचे ठरवले, कोणी रात्रीच्या जेवणाआधी धावायचे. अट एकच, ती गोष्ट रोज ठरावीक प्रसंगालाच जोडून करायची. ती अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले, पण कोणाचे १८ दिवसांतच भागले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडले नाही. हे सगळे मोठे लोक होते, आपला दिवस आपण ठरवू शकणारे. मुलाच्या हातात तर तेवढेही नसते. जेवण किती वाजता, घरात काय आणले जाते, दिवे कधी मालवतात, यातले काहीच ते ठरवत नाही. म्हणून ‘पंधरा दिवस सांगून पाहिले, काही उपयोग नाही’ ही तक्रार घाईची आहे, आणि एका भावाला लागलेली सवय दुसऱ्याला त्याच वेगाने लागली नाही म्हणून त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडे ही रचना नवी नाही. दिवेलागणीला खेळून घरी यायचे, हातपाय धुवायचे, देवापुढे शुभंकरोती, मग पाढे आणि परवचा, मग पान वाढले जाई. यातल्या प्रत्येक गोष्टीला आधीची गोष्ट खुणेसारखी होती. हातपाय धुवा म्हणून वेगळे सांगावे लागत नसे, कारण न धुता पुढच्या कशालाच सुरुवात होत नसे. शिवाय ते सगळे मिळून चाले. जुन्या घरांचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. ती घडी घरातल्या बाईने दिवसभर राबून सांभाळलेली होती आणि तिच्या राबण्याची किंमत कोणी मोजली नाही. आजही ‘आईने वळण लावले नाही’ असेच म्हटले जाते, बापाचे नाव त्यात येत नाही. ती विषमता परत आणायची नाही. घ्यायचे ते एवढेच, की गोष्टी एकमेकींना बांधून ठेवल्या तर सांगण्याचे कष्ट वाचतात.

जेवणाच्या बाबतीत आपला सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. दृश्य ओळखीचे आहे. सात वर्षांचे मूल पाटावर किंवा सोफ्यावर, समोर मोबाइलवर कार्टून, आई एकेक घास भरवते आहे. मुलाचे तोंड उघडते, मिटते, आपण दुधी खातो आहोत की बटाटा हे त्याला कळतही नाही. ताट रिकामे होते आणि मोठ्यांना समाधान वाटते. पण पोट भरल्याची जाणीव, चव आणि हाताने कालवून खाण्याचे कौशल्य यांपैकी काहीच त्या मुलाने कमावलेले नसते. जबरदस्तीचे काय होते, तेही तपासून झाले आहे. अमेरिकेत २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शाळापूर्व वयाच्या मुलांना काही आठवडे सूप देण्यात आले. एका सुपाच्या वेळी ‘संपव, संपव’ असा तगादा होता, दुसऱ्या वेळी नव्हता. तगादा नसताना मुलांनी सूप जास्त प्यायले आणि त्याला नावेही कमी ठेवली. लीअन बर्च या अभ्यासक त्या प्रयोगात होत्या. लहान मुलांना नवा पदार्थ आवडायला तो पुन्हा पुन्हा चाखावा लागतो, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. आपण दोनदा ताटात कारले वाढतो, मूल तोंड फिरवते, आणि ‘याला कारले आवडत नाही’ हे कायमचे ठरून जाते. पुढे तर ते मुलासमोरच पाहुण्यांना सांगितले जाते, आणि मूल त्याला जागते.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी यावर जी विभागणी सुचवली ती मला फार शहाणपणाची वाटते. काय शिजवायचे, कधी आणि कुठे बसून खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्या घरात नेमके उलटे चालते. मूल मेनू ठरवते, आणि किती खायचे ते आई ठरवते. भाजी संपवलीस तर चॉकलेट, हा सौदाही महागात पडतो. १९७३मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत झालेल्या प्रयोगात, चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी कबूल केलेली मुले पुढे मोकळ्या वेळात आपणहून कमी चित्रे काढू लागली. चित्रकला तर मुलांच्या आवडीची. मग बक्षिसासाठी गिळलेल्या गवारीबद्दल मुलाचे काय मत होत असेल? आणि गवार सगळ्यांच्या ताटात हवी. वडिलांना वेगळा बटाटा आणि आजोबांना फरसाण, तर मुलाने काय समजायचे ते ते समजून घेते. बिस्किटांचे पुडे आणून वरच्या फळीवर लपवण्यापेक्षा ते आठवड्याच्या यादीतच कमी करावेत. डोळ्यांसमोर असून हाताला न लागणाऱ्या खाऊची ओढ वाढतेच.

हात धुण्याचे तसेच. २००५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात कराचीच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना साबण देऊन दर आठवड्याला भेटी दिल्या गेल्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब ५३ टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी झाला. स्वच्छतेवरची व्याख्याने त्या वस्त्यांतही आधी झाली असतीलच. साबण हाताशी आला आणि रोजच्या कामांशी जोडला गेला, तेव्हा फरक पडला. आपल्या घरातल्या बेसिनसमोर मुलाच्या उंचीला वाकून पाहावे. नळ लांब, साबण आरशाखालच्या कप्प्यात, टॉवेल दाराच्या वरच्या खिळ्याला. पायाखाली एक पाट, हाताला पोचेल असा साबण आणि खाली आणलेला खिळा, एवढ्याने रोजची निम्मी कटकट संपते. मोबाइल-टीव्हीच्या पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची सूचना स्पष्ट आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना तो नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर तासभर. पण जेवताना मोबाइल बाजूला ठेवायचा असेल तर तो सगळ्यांचा ठेवायला हवा.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. रात्री आठला लोकलमधून उतरणाऱ्या आईबापांनी दिनक्रम कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे, पण रोज ओरडण्यात, समजूत काढण्यात आणि भरवण्यात जो वेळ जातो, तोही वेळच आहे. सगळे एकदम करायचे नाही. एकच जेवण एकत्र, एकच झोपायची वेळ, आणि दिवसभर मुलाला सांभाळणारी आजी किंवा मावशी यांना आधी विचारात घेऊन ठरवलेली. त्यांना डावलून केलेला नियम दुपारीच मोडतो. दुसरा आक्षेप धाकाचा. आमच्या वेळी एक धपाटा पुरे व्हायचा, असे सांगणारे अजून भेटतात. धाकाने काम होते, पण धाक दाखवणारा माणूस समोर असेपर्यंतच. मी मोकळीक द्या म्हणत नाही. झोपायची वेळ मुलाच्या मताने ठरू नये, ती ठाम असावी. फक्त ती घराची असावी.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि त्याच्यापुढे माझा युक्तिवाद अपुरा पडतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, पाणी टँकरचे, फळांचा भाव परवडत नाही, तिथे कसली घडी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि त्याच राज्यात जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. पहिल्या आकड्यातल्या घरांना सवयींवर प्रवचन देणे क्रूर आहे. त्यांना आधी पुरेसे अन्न, नळाचे पाणी आणि नीट चालणारी अंगणवाडी हवी. कुटुंबाचा हात जिथे पोचत नाही तिथे शाळेने आणि सरकारने पोचायचे असते, आणि ते पोचले की फळ दिसते. चीनमधल्या ग्वांगचौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर, उजेडात नेले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसण्याचा दोष म्हणजे मायोपिया झाला, एरवीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. त्यासाठी एकाही आईला रागवावे लागले नाही.

आपल्या शाळांत खेळाचा तास वेळापत्रकात असतो, आणि सहामाही जवळ आली की तो गणिताला जातो. यावर पालक तक्रार करत नाहीत, उलट बरे झाले म्हणतात, आणि संध्याकाळी मूल मैदानावर जात नाही म्हणून त्याच्यावरच चिडतात. शिक्षण हक्क कायद्याने २००९मध्येच सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली आणि तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. आठवड्यात खेळाचे तास किती आणि त्यातले प्रत्यक्षात किती झाले, मुतारीजवळ साबण आहे का, पिण्याच्या पाण्याचा नळ लहान मुलांच्या हाताला येतो का, हे प्रश्न त्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घेण्याचा अधिकार पालकांकडे आहे. खाजगी शाळांत तेच प्रश्न पालकसभेत विचारता येतात, आणि पुढच्या सभेत त्यांचे उत्तर मागता येते.