अकालीं गळणारा गर्भ

सुनेला दिवस गेल्याची वार्ता घरांत कळते आणि दोन-अडीच महिन्यांतच ती आशा मावळते. अशा वेळीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो: "तिनें असें काय केलें?" घागर उचलली, जिना चढली, दृष्ट लागली, अशीं उत्तरेंही तयार असतात. वैद्यकशास्त्राचें उत्तर मात्र निराळें आहे आणि तें विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींनीं ऐकून ठेवण्याजोगें आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या हानीचे दोन भाग कल्पिले होते. सुश्रुतसंहितेप्रमाणें चौथ्या महिन्यापर्यंत होतो तो गर्भस्राव व पांचव्या-सहाव्या महिन्यांत होतो तो गर्भपात. यांपैकीं पहिला मुळींच दुर्मिळ नव्हे. निश्चित झालेल्या दर १०० गर्भधारणांपैकीं सुमारें १० ते २० अशा रीतीनें संपतात आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच.

लक्षणांवरून त्याचे प्रकार पडतात. थोडें रक्त जातें, परंतु गर्भाशयाचें मुख मिटलेलें असतें, ही केवळ धोक्याची सूचना होय. अशा अनेक स्त्रिया पुढें सुखरूप प्रसूत होतात. मुख उघडून कळा व रक्तस्राव वाढले, म्हणजे गर्भस्राव अटळ ठरतो. गर्भाचा कांहीं अंश आंत राहिला तर तो अपूर्ण, सर्व बाहेर पडला तर पूर्ण. आणखी एक प्रकार मूक असतो. गर्भाची वाढ थांबलेली असते, पण कळा नसतात, रक्तही नसतें. सोनोग्राफी केली म्हणजेच तो उमगतो.

आतां कारणांकडे वळूं. मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात, २३ मातेकडून व २३ पित्याकडून आलेलीं. बीज तयार होतांना किंवा गर्भाच्या पहिल्या पेशीविभाजनांत एखादें गुणसूत्र अधिक वा उणें पडतें आणि अशा गर्भाची वाढ बहुधा आपोआप खुंटते. आरंभींच्या सुमारें निम्म्या गर्भस्रावांच्या मुळाशीं हाच दोष असतो. म्हणजे जिना चढण्याच्या कितीतरी आधींच त्या गर्भाचा निकाल लागलेला असतो. मातेच्या वयाबरोबर असे दोष वाढतात. तिशीच्या आंत सुमारें दहांत एक, तर चाळिशींत सुमारें तिनांत एक गर्भधारणा टिकत नाहीं.

इतर कारणांपैकीं पुष्कळांवर उपाय आहेत: आटोक्यांत नसलेला मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे विकार, रक्तांत गुठळ्या करणारीं प्रतिद्रव्यें, गर्भाशयांतील जन्मजात पडदा, हिवताप, तंबाखू व मद्य. गर्भ वारंवार गळूं लागल्यास तपासणी करावी, आणि ती एकट्या पत्नीची नव्हे, पतीचीही.

कांहीं लक्षणें दिसतांच मात्र क्षणाचाही विलंब करूं नये. रक्तस्राव फार होणें, ताप येणें, दुर्गंधियुक्त स्राव जाणें, ओटीपोटाच्या एका बाजूस तीव्र कळ येऊन भोंवळ येणें, हीं तीं लक्षणें होत. शेवटचें लक्षण गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेंत रुजल्याचें असूं शकतें. नलिका फुटल्यास प्राणावर बेततें. स्त्रीचा रक्तगट आर-एच ऋण असल्यास तें डॉक्टरांस आवर्जून सांगावें, कारण कांहीं प्रसंगीं पुढील गर्भाच्या रक्षणासाठीं इंजेक्शन द्यावें लागतें.

शरीर कांहीं आठवड्यांत सांवरतें, मनाला अधिक काळ लागतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यानेंच देऊं केली. कायद्यानें ओळखलेली ही गरज घरानेंही ओळखावी. एकदां गर्भ गळालेल्या बहुतेक स्त्रियांना पुढें निरोगी मूल होतें. तोंवर तिला विश्रांति, सकस अन्न आणि दोन धीराचे शब्द द्यावेत. "तूं काय केलेंस?" हा प्रश्न तेवढा विचारूं नये.