सुई, डमरू आणि पॉइंटर

26 जानेवारी 1999 ला दिल्लीत कालकाजीला एनआयआयटी या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयाच्या भिंतीत भोक पाडून तिथल्याच सुगाता मित्रांनी एक कॉम्प्युटर बसवला. तोंड पलीकडच्या झोपडपट्टीकडे. शिकवायला कुणी नाही. पोरांनी आपलं आपण जमवलं, वर बारसंही उरकलं: कर्सर म्हणजे सुई आणि ‘थांबा’ सांगणारं वाळूचं घड्याळ म्हणजे डमरू.

मी दिल्लीत आलो 2003 साली. तेव्हा प्रोग्रामिंग शिकायचं तर क्लासची फी भरा, नाहीतर पुस्तक घ्या. माझ्या ट्रंकेत यशवंत कानेटकरांचं सी भाषेवरचं ‘लेट अस सी’ होतं. लेखक नागपूरचे, प्रकाशक दिल्लीचे बीपीबी. मी ते घेतलं नागपुरात आणि पुन्हा दिल्लीला आणलं. त्या पुस्तकाचा प्रवास माझ्यापेक्षा जास्त! इंटरनेट होतं सायबर कॅफेत, तासाच्या हिशेबानं. निम्मा तास डमरू बघण्यातच जायचा.

2009 च्या सुमारास नोएडात संदीप जैन यांनी गीक्सफॉरगीक्स ही वेबसाइट सुरू केली आणि नोकरीच्या मुलाखतींची तयारी फुकटात होऊ लागली. नोएडाची मेट्रोही त्याच वर्षी नोव्हेंबरात धावली. मी पानांची प्रिंट काढून डब्यात उभ्याउभ्या वाचायचो. लिंक्ड लिस्ट उलटी कशी करायची, हे मला यमुनेच्या पुलावर कळलं. तीन पॉइंटर घ्यायचे: मागचा, आत्ताचा, पुढचा. बाण फिरवण्याआधी पुढच्याचा पत्ता जपून ठेवायचा, नाहीतर उरलेली साखळी हातची गेली. क्लासात महिनाभर वही भरून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते दोन स्टेशनांत शिरलं. आयआयटी दिल्लीच्या नवीन गर्गांची डेटा स्ट्रक्चर्सवरची व्याख्यानंही एनपीटीईएलमुळे यूट्यूबवर होती, पण आमच्या खोलीवरच्या नेटला ती झेपायची नाहीत. आणि हे सगळं इंग्रजीत.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कोडिंग हिंदीत बोलू लागलं. ‘अपना कॉलेज’ या यूट्यूब चॅनेलच्या श्रद्धा खापरा गावोगावच्या पोरांच्या ‘दीदी’ झाल्या. मराठीत काहीच नाही असं नव्हे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सीचे धडे मराठीत आहेत, छोटे आणि नेटके. पण लातूरच्या माझ्या भाच्याला ते ठाऊकच नव्हते. त्याचा ‘लूप’ हिंदीतून आलेला, ‘अ‍ॅरे’ही. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीत त्याला विचारलं, “पॉइंटर म्हणजे काय रे?”

“दुसऱ्याच्या घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, मामा. घर नाही, नुसती चिठ्ठी.”

“चिठ्ठी व्हिडिओत सांगितली?”

“नाही, तिथं अ‍ॅड्रेसच म्हणतात.”