हो रेनफॉरेस्ट : मुक्कामापूर्वी

कुठे : ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यान, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका. उद्यानाची स्थापना १९३८. जागतिक वारसा दर्जा १९८१.

कसले जंगल : समशीतोष्ण वर्षावन. पॅसिफिकवरचे ओले वारे डोंगराला अडतात आणि वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या सह्याद्रीच्या नेमके उलट : इथे खरा पाऊस हिवाळ्यात, जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे. उन्हाळ्यातही रेनकोट हवाच.

झाडे : सिटका स्प्रूस, वेस्टर्न हेमलॉक, शेवाळाने लगडलेले मेपल. उन्मळून पडलेल्या खोडावरच नवी रोपे रुजतात. म्हणून अशा खोडांवर चढू नये, तंबूही टेकवू नये.

आरव्ही : हो कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही. गाडीची लांबी २१ फुटांपर्यंतच. पिण्याचे पाणी आणि फ्लशची शौचालये आहेत.

तंबू : वरचे आच्छादन जमिनीपर्यंत येणारे हवे. खालची ताडपत्री तंबूच्या तळाबाहेर डोकावली, तर पाणी थेट आत. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की ऊब देत नाही. कृत्रिम धाग्यांची बरी. वाळलेल्या झाडाखाली तंबू नको.

समुद्रकाठी मुक्काम : वेगळा परवाना. अन्न कडक, बंद डब्यात ठेवणे सक्तीचे, कारण रॅकून. भरती-ओहोटीचे वेळापत्रक सोबत लागतेच. भरतीला काही भूशिरांखालची वाट पूर्ण बंद होते.

प्राणी : रूझवेल्ट एल्क, काळे अस्वल. एल्कच्या रक्षणासाठीच १९०९ मध्ये हा भाग प्रथम संरक्षित झाला.