इटलीच्या किनाऱ्यावर आजोबांचे नाव शोधताना

शिरवणे, प्रतिनिधी : ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, वाशीत बाजार समिती आली आणि माणगाव, महाड, पोलादपूर, सातारा या भागांतील असंख्य कुटुंबे शिरवणे, जुईनगर, नेरूळ परिसरात स्थिरावली. त्यांपैकी काही घरांत आजोबा-पणजोबांचे लष्करी गणवेशातील छायाचित्र, एखादे पदक आणि 'ते इटलीत होते' एवढीच आठवण उरली आहे. परदेश प्रवास आवाक्यात आल्याने तो किनारा प्रत्यक्ष पाहावा, असे नातवंडांना वाटणे स्वाभाविकच. मात्र तेथे जाऊन थडगे शोधणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशा येते. तिचे कारण निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन लढल्या. सुमारे ५० हजार भारतीय सैनिकांपैकी ५,७८२ जण परतले नाहीत. आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरली आणि एड्रियाटिक समुद्राच्या बाजूने उत्तरेकडे सरकली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन तिच्यातच होती. हा मुलूख कोकणच्या माणसाला अगदीच परका वाटू नये. डोंगरात उगम पावून थोडक्या अंतरात समुद्राला मिळणाऱ्या बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो या नद्या एकामागून एक आडव्या येतात, आणि अशा नद्यांच्या आधारानेच जर्मनांनी बचावाच्या फळ्या उभारल्या होत्या. नोव्हेंबर १९४३ च्या पावसात सांग्रोला पूर आला, सैन्याने बांधलेले पूल वाहून गेले. तरीही ती ओलांडली गेली.

या नदीजवळ तोरिनो दि सांग्रो गावाच्या हद्दीत राष्ट्रकुलातील सैनिकांची युद्धस्मशानभूमी असून तेथे २,६१७ थडगी आहेत. मुस्लिम सैनिकांचे दफन झाले. हिंदू आणि शीख सैनिकांपैकी अनेकांना मात्र धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला. त्यांचे थडगे असणारच कसे? अशा पाचशेहून अधिक भारतीयांची नावे याच आवारातील दहनस्मारकावर कोरलेली आहेत. उत्तरेला फोर्ली येथेही असे दहनस्मारक आहे. ज्यांचा देहच सापडला नाही, त्यांची नावे कासिनोच्या स्मारकावर आहेत. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे त्यांपैकीच एक. १० जुलै १९४४ रोजी तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून जाऊन ती त्यांनी निकामी केली आणि लगेचच ते गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कोणते नाव कोठे आहे, हे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. खरी अडचण नावाचीच. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले नाव, अनेकदा आडनावाविना, सोबत वडिलांचे आणि गावाचे नाव. जिल्हेही त्या काळचे. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव हे तालुके साताऱ्यात होते आणि खुद्द शिरवणे ठाणे तालुक्यात. म्हणून पदकाच्या कडेवर कोरलेला किंवा जुन्या पेन्शनच्या कागदावरील शिपाई क्रमांक आधी शोधावा. तो नावापेक्षा भरवशाचा.

प्रवास फारसा अवघड नाही. रोमहून पेस्कारा गाठावे आणि तेथून किनाऱ्याने दक्षिणेकडे ओर्तोनामार्गे तोरिनो दि सांग्रोपर्यंत जावे. वाटेत समुद्रात लाकडी खांबांवर उभारलेले मासेमारीचे माच दिसतात. त्यांवरून खाली सोडलेली जाळी पाहून शिरवण्याच्या आगरी-कोळी घरांतील माणूस थबकल्याशिवाय राहणार नाही.

युद्धातून सुखरूप परतलेल्यांचे नाव मात्र यांपैकी कोणत्याच भिंतीवर नसते. सेनिओ नदीवरील ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे निमज (तालुका संगमनेर) येथील नामदेव जाधव परत आले, तसे हजारो परतले. अशा आजोबांचा माग काढायचा तर बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे क्रमांकासह लेखी विचारणा करावी. लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात बटालियनच्या युद्धकाळातील दैनंदिन्या जतन केल्या आहेत. बटालियन कोणत्या तारखेला कोणत्या गावात होती, हे त्यांत सापडते. प्रवासाचा नकाशा त्यावरूनच आखावा.